बाईंच्या बैठकीतली घंटा

त्या दिवशी बैठकीला सगळे वेळेवर आले होते. शिपायाने मला अध्यक्षांच्या खुर्चीसमोर ठेवलं होतं, पण खुर्ची रिकामी होती. अध्यक्ष असलेल्या बाई कधी उशीर करत नसत. प्राचार्य हसून म्हणाले, "आज बाईंना रागवायची संधी मिळतेय मला." तेवढ्यात हेडक्लार्कांचा फोन वाजला. ते उभ्याउभ्याच ऐकत राहिले आणि मग हळूच खाली बसले.

"बाईंच्या यजमानांचा फोन होता," ते म्हणाले. "सकाळी बाईंच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत गेल्या."

त्या दिवशी मला कोणी वाजवलं नाही. मी न वाजताच खोली गप्प झाली.

मित्रांनो, मी या सरकारी कॉलेजातली एक जुनी घंटा आहे. टोपीएवढं पितळ आणि मधे दाबायचं एक बटण, एवढीच मी. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मुलांनी शिकता शिकता मला घडवलं. एका बाजूला थोडी चेपलेली आहे, तो त्यांच्या शिकण्याचा भाग. माझी पहिली नोकरी ग्रंथालयाच्या काउंटरवर होती. पुस्तक हवं असलं की मुलं मला दाबायची. काही नुसतीच दाबायची. मग ग्रंथपालबाई आतून ओरडायच्या, "एकदा वाजवलं तरी कळतं रे! मी म्हातारी होतेय, बहिरी नाही."

पुढे कॉलेजची परिषद नव्याने बसली. तुम्हाला वाटेल, कॉलेज प्राचार्य चालवतात. रोजचं काम तेच बघतात, खरं आहे. पण कॉलेज किती वाजता उघडायचं, कुठला विषय सुरू करायचा, मैदानाचं काय करायचं, असं सगळ्यांशी संबंध असणारं काही असलं की ते परिषदेत येतं. तिथे शिक्षक असतात, ऑफिसचे आणि साफसफाईचे लोक असतात, मुलांनी निवडून दिलेली मुलं असतात आणि प्राचार्यही असतात. प्रत्येकाला एकच मत. ठराव एका बैठकीत वाचतात, मग जो तो आपापल्या माणसांना जाऊन विचारतो आणि पुढच्या बैठकीत तो परत वाचून मतं घेतात. अध्यक्ष परिषद निवडते. तेव्हा इथे शिकवणाऱ्या बाईंना निवडलं होतं.

पहिल्याच बैठकीत सगळे एकदम बोलायला लागले. बाई उठल्या, ग्रंथालयात गेल्या आणि मला घेऊन आल्या. तेव्हापासून नियम झाला. मी वाजले की बोलणाऱ्याने थांबायचं, मग तो कोणीही असो. एकदा प्राचार्यांचं भाषण काही संपेना. बाईंनी मला दाबलं. "सर, उरलेलं तुमच्या केबिनमध्ये बोला. तिथे घंटा नाही." सगळ्यात मोठ्याने प्राचार्यच हसले. ते माझे चांगले दिवस होते.

मग बाईंचा स्वतःचा ठराव आला. ग्रंथालय पाचला बंद होतं. दिवसा दुकानात, कारखान्यात काम करणारी मुलं येईपर्यंत दाराला कुलूप लागलेलं असतं. बाईंचं म्हणणं, ते रात्री नऊपर्यंत उघडं ठेवावं. मुलांची प्रतिनिधी स्वतः औषधाच्या दुकानात काम करणारी. ती म्हणाली, "बाई, मतं आजच घ्या ना. सगळे हो म्हणतायत. परीक्षा जवळ आली."

हेडक्लार्क म्हणाले, "सगळे म्हणजे कोण? तुम्ही वाचणार, आणि कुलूप लावायला आमचा माणूस थांबणार. त्याला घरी जायला बस मिळते का, विचारलंय कोणी?"

बाकीचे कुरकुरले. मतं घेतली असती तर ठराव तेव्हाच झाला असता, हे बाईंनाही दिसत होतं. पण त्यांनी मला दाबलं. "विचारून या," त्या हेडक्लार्कांना म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत परत वाचू."

ती पुढची बैठक म्हणजेच बाई न आलेली बैठक.

काही दिवसांनी शोकसभा झाली. बाईंचे यजमान आले होते. शिंपीकाम करणारा साधा माणूस, खुर्चीच्या कडेवर बसलेला. प्राचार्य बोलायला उठले. ते म्हणाले, "परिषदेची वाट कशाला बघायची? मी आजच आदेश काढतो. ग्रंथालय उद्यापासून नऊपर्यंत उघडं. बाईंना आपली ही भेट." त्यांनी यजमानांकडे पाहिलं. "चालेल ना तुम्हाला?"

यजमान खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "ठराव मांडून ती घरी आली तेव्हा मीच तिला बोललो होतो. म्हटलं, हातातोंडाशी आलेलं काम होतं, घ्यायची होती मतं. तर मलाच म्हणाली, ज्याला थांबायचंय त्याला न विचारता कसं घेऊ?" त्यांनी बाईंच्या फोटोकडे पाहिलं. "मलाही वाटतं हो, तिच्या डोळ्यांदेखत झालं असतं तर. पण साहेब, न विचारता मिळालेलं तिला नको होतं, ते आता तिच्या नावाने देऊ नका."

प्राचार्यांनी मान खाली घातली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "परिषदेतच होईल."

बाईंबद्दल सगळ्यांना माया होती, आणि तिथेच घोळ झाला. नवा अध्यक्ष निवडायचा विषय निघाला की जो तो म्हणायचा, "बाईंच्या खुर्चीत मी? छे, छे." अध्यक्ष नाही म्हणून बैठक नाही. मला मात्र छान पुसून बाईंच्या फोटोशेजारी काचेच्या कपाटात ठेवलं. येणारे जाणारे हात जोडतात. मला वाजवत कोणी नाही.

परवा यजमान बाईंची छत्री न्यायला आले होते. कपाटापाशी थांबले. हेडक्लार्कांना म्हणाले, "हिला इथं कशाला कोंडलंय?"

"आदर म्हणून."

"आदर कसला? ती असती तर तुम्हाला रागावली असती."

हेडक्लार्क पुटपुटले, "मी आमच्या माणसांना विचारून ठेवलंय हो. पण सांगू कुणाला?"

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कॉलेजात अशी एखादी बैठक असेल तर तिला जपा. जपा म्हणजे कपाटात ठेवू नका. तिथे जा, बोला, आणि घंटा वाजली की थांबून दुसऱ्याचं ऐका. आवडतं माणूस गेलं म्हणून त्याची खुर्ची रिकामी ठेवाल, तर त्याचं काम कोण करणार?

आमच्याकडे अध्यक्ष अजून निवडलेला नाही. ठराव दुसऱ्यांदा वाचायचा राहिला आहे. ग्रंथालय अजून पाचलाच बंद होतं.