ओतल्यावर लाभ

परीक्षानळ्या एकशे बारा, पैकी तडा गेलेल्या सात. भिंगं नऊ. स्प्रिंगचे तराजू चार, त्यातला एक शून्यावर न येणारा. लोहचुंबक पाच. दोलकाचे धातूचे गोळे सहा, स्टॉपवॉच एक.

मरोळच्या त्या शाळेतले प्रयोगशाळा सहाय्यक नाना निवृत्त झाले, त्या दिवशी कपाट मोजून ताब्यात घेतलं ते शाळेच्या शिपाई जानकी परब यांनी. जानकी मोजताना पहिल्या वस्तूला कधी 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. कुडाळकडच्या खळ्यावर तिचे वडील भाताची मापं अशीच मोजायचे. पहिल्या मापाला लाभ म्हटलं की घरात बरकत राहते, असा रिवाज. नानांच्या यादीत नळ्या एकशे तेरा होत्या. नानांनी तीनदा मोजल्या आणि शेवटी यादी खोडली.

"तुझ्या मोजण्यात चूक निघायची नाही," नाना म्हणाले. "माझी जागा तूच घे."

मॅट्रिक तर ती लग्नाआधीच पास होती. पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, अट घातली. एका महिन्याने, शनिवारी सकाळी अकरा वाजता, जानकीने त्यांच्यासमोर एक प्रयोग स्वतः मांडून करायचा आणि उत्तर काढून दाखवायचं. जमलं तर जागा तिची. नाहीतर सोमवारी जाहिरात. प्रयोग ठरला साधा दोलक: दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस झोके मोजायचे, त्याला लागलेल्या वेळावरून पृथ्वी वस्तूला किती जोराने खाली ओढते ते काढायचं. पुस्तकात ते उत्तर ९.८ असं दिलेलं होतं.

शिकवायचं काम उत्तरा कर्णिक या विज्ञानाच्या नव्या बाईंनी अंगावर घेतलं. उत्तरा बावीस वर्षांची, जानकी तेहतीसची. उत्तरा तिला 'जानकीताई' म्हणायची आणि जानकी तिला 'बाई'.

उत्तराने आधी पुस्तकातली सोपी उदाहरणं घातली. मनोऱ्यावरून दगड सोडला, तीन सेकंदांत जमिनीवर आला, तर मनोरा किती उंच?

"खाली कोणी उभं नाही ना?" जानकीने विचारलं.

"नाही हो, जानकीताई. पुस्तकात खाली कधीच कोणी नसतं."

जड आणि हलकी वस्तू एकदमच खाली येतात, हे मात्र जानकीला पटेना. वाकोल्याच्या चाळीत तिची खोली पहिल्या मजल्यावर होती. रविवारी सकाळी तिने एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात सुपारी घेऊन दोन्ही हात कठड्याबाहेर काढले. खाली शांताबाई कपडे वाळत घालत होत्या.

"जानके, माझ्या डोक्याचा बेत आहे काय गं?"

"बाजूला व्हा, शांताबाई! प्रयोग आहे!"

"नारळ फुटला तर खोबरं माझं, सांगून ठेवते!"

दोन्ही एकदमच आपटली. नारळ फुटला. अर्धं खोबरं शांताबाईंना गेलं आणि सुपारी सापडायला दहा मिनिटं लागली. जानकी जिना चढून वर आली ती गाणं गुणगुणत. पुस्तकातलं वाक्य आपल्या अंगणातही खरं निघतं याचा तिला इतका आनंद झाला, की नवऱ्याच्या, जयवंतच्या चहात तिने दोनदा साखर घातली.

उदाहरणं सुटत गेली. ताशी चोपन्न किलोमीटर म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर, हे ती झाडू मारता मारता तोंडी सांगू लागली. लॉगची कोष्टकं हात लावताच उघडू लागली. अडलं ते दोलकाशी. दोरा बरोबर एक मीटर, तोही गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलेला. झोका लहान. खिडकी बंद, वारा नाही. जानकी गोळा सोडायची, स्टॉपवॉच दाबायची आणि मोजायची: लाभ, दोन, तीन. वीस झाले की घड्याळ बंद. वेळ यायचा अडतीस पूर्णांक दोन सेकंद आणि उत्तर १०.८. दुसऱ्यांदा १०.८. शुक्रवारी दुपारी चौथ्यांदाही १०.८.

उत्तराने दोरा पुन्हा मोजला. घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. आकडेमोड दोनदा तपासली. झोके काही तिने मोजले नाहीत. जानकीचं मोजणं कोण तपासणार?

मग ती जरा चाचरत म्हणाली, "जानकीताई, कॉलेजात आम्ही एक करायचो. उत्तर ठाऊक असतंच ना. त्यावरून उलटा हिशेब करून वेळ लिहायचो. उद्या तुम्ही चाळीस लिहा. मोठ्या बाईंचा विषय इतिहास आहे, त्यांना कळायचं नाही."

जानकीने गोळ्याकडे पाहिलं. तो अजून हलत होता.

"मग हा टांगायचा कशाला, बाई?"

उत्तरा लाल झाली आणि पुढच्या क्षणी हसली. "बरोबर आहे तुमचं. पण मग उद्याचं काय?"

"उद्या येईल ते येईल," जानकी म्हणाली. पण शाळेच्या फाटकाबाहेर पडताना तिला सोमवारची जाहिरात डोळ्यांसमोर दिसत होती.

घरी गावाहून तांदळाची गोणी आली होती. तीन वर्षांपूर्वी संपात गिरणी सुटली, तेव्हापासून जयवंत मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. त्या दिवशी त्याची सकाळपाळी होती, म्हणून तो डबा धरायला बसला. जानकीने पितळी शेर गोणीत खुपसला, हाताने सपाट केला आणि डब्यात ओतला.

"लाभ," ती म्हणाली.

दुसरा शेर भरला, ओतला. "दोन."

तिसरा भरलेला शेर तिच्या हातातच राहिला. तिने डब्यात पाहिलं, शेराकडे पाहिलं. डब्यात दोन शेर, तोंडात दोन. गोणीपाशी शेर भरताना ती काहीच म्हणाली नव्हती. तांदूळ डब्यात पडल्यावर मग 'लाभ'. आणि गोळा? गोळा तर ती सोडतानाच 'लाभ' म्हणायची. एकही झोका डब्यात पडायच्या आधी!

ती इतकी हसली की शेरातले तांदूळ सांडले.

"काय झाला गो? रेशनवाल्यान फसवल्यान काय?" जयवंतने विचारलं. "पण ह्ये तर गावचे."

"कोणी नाय फसवल्यान. रोज एक माप ओतूच्या आधीच मोजी होतंय मी."

"खंयचा माप?"

"उद्या सांगतंय. डबो नीट धरा."

अडतीस पूर्णांक दोनला वीसऐवजी एकोणीसने भागून पाहावं, असं तिला फार वाटलं. पेन्सिल कॅलेंडरपाशीच लटकत होती. पण आत्ता उत्तर कळलं, तर उद्या घड्याळ दाबताना बोट त्या उत्तराकडे धावेल. तिने पेन्सिलीकडे पाठ केली आणि उरलेले सगळे शेर मोजले.

शनिवारी अकरा वाजता मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. उत्तरा खिडकीशी नखं खात उभी होती. जानकीने दोरा मोजून दाखवला, खिडकी लावली, गोळा चार बोटं बाजूला ओढला. सोडला, घड्याळ दाबलं. ती काहीच बोलली नाही. उत्तराने चमकून पाहिलं. गोळा पलीकडे गेला, परत आला.

"लाभ," जानकी म्हणाली.

उत्तराची बोटं तोंडातून निघाली. दोन. तीन. चौथ्या झोक्याला तिला सगळं उमगलं आणि हसू लपवायला तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"हे लाभ काय?" मोठ्या बाईंनी विचारलं, पण जानकीने हाताने थांबा अशी खूण केली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मोठ्या बाईंना गप्प केलं आणि मोठ्या बाई गप्प राहिल्या. अठरा. एकोणीस. वीस.

तिने घड्याळ वाचलं, फळ्यावर लिहिलं, कोष्टकं उघडली. खडू दोनदा मोडला. मग तिने शेवटची ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली.

लांबी १.०० मीटर. वीस झोक्यांना वेळ ४०.२ सेकंद. गुरुत्वीय त्वरण ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग.