जॉर्डनचं पान

बावीस वर्षं मी जॉर्डन नदीत आंघोळ करत आलो. लग्नाच्या पंगतीत, व्यापाऱ्यांच्या मेजवानीत, सासुरवाडीला, कुठेही. खुद्द येशूचा बाप्तिस्मा झाला ते पाणी किती गार होतं, काठावर वेताचं रान कसं होतं, मी तीनदा डोकं कसं बुडवलं! माझी बायको अपोलोनिया तर मी नदीचं नाव काढलं की ताटं उचलायला लागायची.

यंदा मठाच्या मुख्यांनी निरोप धाडला की, यरुशलेमची यात्रा लिहून द्या. ईस्टरआधीच्या उपवासात जेवताना ती वाचून दाखवू, आणि तीत ज्यांची नावं येतील त्यांच्यासाठी दरवर्षी प्रार्थना करू. मी हिवाळाभर लिहीत बसलो. खरं सांगायचं तर निम्मं व्हेनिसला विकत घेतलेल्या माहितीच्या पुस्तकातून उतरवलं. सगळेच उतरवतात. कुठल्या चर्चला किती पायऱ्या, हे कुणाच्या बापाच्या लक्षात राहतं?

आणि नेमका तेव्हाच लीनहार्ट न्युरेंबर्गला परत आला. हा खोगीर बनवणारा माझा यात्रेतला सोबती. जहाजावर आम्हा दोघांत मिळून एकच पेटारा होता आणि झोपायचंही त्यावरच; माझे पाय त्याच्या नाकाशी. परतल्यावर तो लग्न करून रेगेन्सबर्गला राहिला. आता बायको गेली, मूलबाळ नाही, आणि खोकला असा की ऐकवत नाही.

रविवारी दुपारी तो जेवायला आला. जेवण झाल्यावर मी मोठ्या ऐटीत वही काढून वाचायला लागलो.

"जहाजावरच्या बिस्किटांतले किडे लिहिलेस का?" त्याने मध्येच विचारलं.

"अरे, मठात जेवताना वाचणार आहेत."

"मग तर लिहायलाच हवेत. त्यांचाही उपवास जरा कडक होऊ दे."

आम्ही खूप हसलो. पवित्र भूमीचा, जाफाचा किनारा दिसला तेव्हा सगळं जहाज गायला लागलं होतं आणि मी ढसाढसा रडत त्याच्या पायावर उभा होतो, याची आठवण त्यानेच करून दिली. किती तरुण होतो आम्ही! पोटात अन्न नव्हतं, अंगाला वास येत होता, आणि तेवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

त्या भरात मी जॉर्डनचं पान वाचायला घेतलं. दोन ओळी वाचल्या आणि तिथेच थांबलो. समोर कोण बसलंय याचं भानच राहिलं नव्हतं. इतकी वर्षं सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. खरं म्हणजे इतर यात्रेकरू नदीवर गेले तेव्हा मी यरुशलेमच्या धर्मशाळेत तापाने फणफणलो होतो. लीनहार्ट माझा सदरा घेऊन गेला आणि नदीत बुडवून घेऊन आला. तोच माझ्या अंगात घातला.

लीनहार्टला खोकल्याची उबळ आली. खोकला ओसरल्यावर म्हणाला, "छान झाली हं तुझी आंघोळ." मग वहीकडे बघत म्हणाला, "माझं नाव येतं का रे कुठे? माझ्यामागे प्रार्थना करायला कुणी नाही. त्या पेटाऱ्यापाशी बसवलंस तरी चालेल."

सगळ्या वहीत त्याचं नाव नव्हतं. लाजेने मेल्यासारखं झालं मला. पेटाऱ्याजवळ एक ओळ घालणं अगदी सोपं होतं. माझी अब्रूही राहिली असती. मी लेखणी उचललीसुद्धा. पण त्याची जागा तिथे नव्हती, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"अपोलोनिया, जरा इकडे ये," मी हाक मारली, आणि तिला सगळं सांगून टाकलं.

तिने हातातला डाव खाली ठेवला. "म्हणजे माझ्या भावाच्या लग्नात, पाद्रीबुवांच्या समोर..."

"हो."

"आणि मी वेडी बावीस वर्षं ऐकून घेतेय!" ती स्टूल ओढून लीनहार्टसमोर बसली. "भावजी, तुम्ही सांगा. खरं काय झालं ते."

"काय सांगू, वहिनी? मला पोहता कुठे येतं? गुडघाभर चिखलात उतरलो. सदरा वाहून जाईल म्हणून एक बाही दातांत धरली. बाकीचे स्तोत्रं गात होते आणि मी तोंडात बाही धरून रडत होतो. वाटत होतं, परत जाईपर्यंत हा मेलेला असणार. देवाला म्हटलं, मला तुझं काही नको, याला तेवढा घरी ने."

 मी म्हणालो, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तूच बोलत असायचास की!"

मी ते पान फाडलं. कोऱ्या पानावर आधी त्याचं नाव लिहिलं आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांग. यरुशलेमहून निघताना गाढवावर बसलास तिथपासून." तो सांगत गेला, मी लिहीत गेलो, आणि देवाशपथ, मध्ये एकदाही बोललो नाही.