तपासणीच्या दिवशी रंगवलेले कुलूप

"महिला विभागाच्या बराकीचे कुलूप पूर्णतः सुस्थितीत होते. कर्तव्यावरील रक्षक महिलेने कोणतेही कारण नसताना व वरिष्ठांची परवानगी न घेता ते हेतुपुरस्सर फोडले."

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे आणि हे सरकारी विधान माझ्याविषयी आहे. त्यातला एकच शब्द खरा आहे: 'फोडले'. बाकीचे एकेक तपासू. कुलूप सुस्थितीत आहे की नाही, हे ठरवण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे किल्ली घालून फिरवणे. विधानात किल्लीचा उल्लेखच नाही. 'कोणतेही कारण नसताना' असे म्हटले आहे. ते कारण त्या वेळी गजांपलीकडे फरशीवर बसून श्वासासाठी तडफडत होते. 'परवानगी न घेता' ही तर शब्दांची निव्वळ हातचलाखी. परवानगी मागितली होती, ती मिळाली नव्हती. न मागणे आणि न मिळणे यांतला भेद ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती अहवाल लिहिण्याचे काम कोणी दिले, हा प्रश्न विचारण्याचा कुलपाला अधिकार नाही. म्हणून मी आपली हकिगतच सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला घडवले तो कानाशी धरून माझा आवाज ऐकत असे. दाबले की 'खट्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, नाहीतर कुलूप पुन्हा भट्टीकडे. मी दाबून बंद होणाऱ्या जातीचे. बंद व्हायला मला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागते. हा माझा स्वभाव लक्षात ठेवा; पुढे सगळे रामायण त्यावरूनच घडले.

मला तुरुंगात आणले त्या दिवशी तेव्हाचे जेलर माझ्या कमानीला अक्षरशः लोंबकळले आणि म्हणाले, "हे आपल्या पेन्शनीनंतरही टिकेल." ते पेन्शनीत गेले, मी टिकले. मग कौतुक संपले. जुन्या वस्तूचे तसेच होते. ती रोज चालते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

पाहत होत्या त्या एकट्या आमच्या रक्षकबाई. शिवणवर्गातल्या यंत्राच्या तेलाचा थेंब त्या अधूनमधून माझ्या पोटात सोडत. मला दाबण्याआधी किल्ली फिरवून बघायची आणि दाबल्यावर खाली ओढून बघायची, ही त्यांची न चुकणारी रीत होती. त्यांनी माझ्या बदल्यात नवे कुलूपही मागितले होते. भांडारातून उत्तर आले, की जुने मोडल्याशिवाय नवे मिळणार नाही. शिवाय सरकारी वस्तू मोडणे हा गुन्हा आहे. तर्कशास्त्राच्या इतिहासात याहून घट्ट कुलूप मी पाहिलेले नाही.

मित्रांनो, तुरुंगात कैदी दुःखी असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पण किल्ल्यांचा जुडगा बाळगणाऱ्याचा दिवस कसा जातो, ते सहसा कोणी सांगत नाही. मागचे दार लावल्याशिवाय पुढचे उघडायचे नाही, असा नियम. म्हणून बाईंचे निम्मे आयुष्य दोन दारांच्या मधल्या जागेत गेले. फोन मुख्य फाटकावर जमा. घरी आई तापाने फणफणली तरी ते कळणार कामाची पाळी संपल्यावर. चहा आला की कोणाला तरी दवाखान्यात न्यायचे निघे. त्यामुळे गरम चहा ही बाईंना ऐकीव गोष्ट होती. दिवसभर गजांमधून मागण्या येत: साबण, कोर्टाची तारीख, डोकेदुखीची गोळी, मुलाचा फोन. यातले काहीही देणे बाईंच्या हाती नव्हते. 'हो' म्हणण्याचा अधिकार वरच्यांकडे आणि 'नाही' म्हणण्याची नोकरी यांच्याकडे, अशी कामाची वाटणी होती.

बराकीतला हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला होता. बाई त्याबद्दल दर आठवड्याला सांगत आणि उपअधीक्षक दर आठवड्याला ते पहिल्यांदाच ऐकत. वरून विचारणा व्हायची, की तुम्ही या बायकांच्या मावशी आहात का? आतून ऐकू यायचे, की ताई फार कडक झाल्या हो. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि पगार मात्र मधे उभे राहण्याचा.

आत एक म्हातारी होती, दम्याची. जीभ तिखट. ती एकदा म्हणाली, "पोरी, आम्ही तारखेला सुटू. तुझी मात्र जन्मठेप."

"चांगली वागले तर पेन्शनला सोडतील," असे बाई म्हणाल्या, आणि सगळी बराक हसली. त्या हसण्यात माझीही कमान थोडी थरथरली असावी.

मग तपासणी ठरली.

तपासणी म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पाहुणे येणार म्हटले की पंखा दुरुस्त होत नाही. पंख्याखालची भिंत रंगते. तपासणीच्या सकाळी बायका अंगणात असताना गज, दार, कडी आणि कोयंडा यांना करडा चकचकीत रंग फासला गेला. कोयंड्यात उघडे लटकत असलेल्या मलाही सोडले नाही. किल्लीच्या भोकात रंग उतरला, तेव्हा मला वाटले, कोणीतरी माझ्या तोंडात बोळा कोंबला आहे. बाई धावत आल्या. त्या काय म्हणाल्या आणि त्यांना काय उत्तर मिळाले, ते शेवटी येईलच.

दुपारच्या बंदीची वेळ झाली. बायका आत गेल्या. बाईंनी रीतीप्रमाणे किल्ली फिरवून पाहिली. रंग ओला होता, ती कशीबशी फिरली. बाईंनी दुसरे कुलूप मागितले. पाहुणे फाटकात उभे आहेत, आता नाटक नको, असा निरोप आला. नाइलाजाने त्यांनी मला दाबले. खट् झाले नाही, फक्त चिकटल्यासारखा बुळबुळीत आवाज झाला.

पाहुणे आले, लांबून पाहून "छान" म्हणाले आणि जेवायला गेले. ऊन चढले. भोकातला रंग डिंकासारखा आळत गेला. आत रंगाचा वास कोंडला, पंखा तर बंदच. म्हातारीला धाप लागली. आधी ती खोकली, मग बसली, मग तिला शिवी देण्याइतकाही श्वास उरला नाही. तेव्हा बराकीतल्या बायका घाबरल्या. म्हातारी शिव्या देत नाही म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बाईंनी किल्ली घातली. अर्ध्यात अडकली. त्यांनी तेल सोडले, किल्ली हलवली, मला हातात धरून जवळजवळ विनवले. मित्रांनो, मला उघडायचे होते. आयुष्यभर बंद राहण्यासाठी वाखाणलेल्या वस्तूला उघडण्याची एवढी ओढ लागावी, हे मलाही नवीन होते.

बाईंनी वायरलेसवर उपअधीक्षकांना गाठले. म्हातारीचा जीव जातोय, कुलूप तोडू का, असे विचारले.

"पाहुणे जेवतायत. तोडफोडीचा आवाज इथपर्यंत येईल," उपअधीक्षक म्हणाले. "तासाभरात माणूस पाठवतो."

बाईंनी आत पाहिले. म्हातारीचे ओठ निळसर पडत होते. भिंतीवर आग विझवण्याचा सिलिंडर टांगलेला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि हळूच मला म्हणाल्या, "माफ कर बाबा."

पहिला घाव बसला, दुसरा बसला, आणि मग मी मोजणे सोडले. कमान तुटली तेव्हा कारखान्यातून निघाल्यापासूनचा ताण माझ्या अंगातून एकदम सुटला. दार उघडले. बायकांनी म्हातारीला उचलून अंगणात नेले, डॉक्टर धावत आले, तिच्या तोंडाला प्राणवायूची नळी लागली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिला श्वास शिवी देण्यात खर्च केला. तेव्हा बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून हसल्या की रडल्या, ते मला तुटलेल्या अवस्थेत नीट कळले नाही. एकही कैदी फाटकाच्या दिशेने गेली नाही. सगळ्या म्हातारीभोवती उभ्या होत्या.

बाई निलंबित झाल्या. नोकरी जाण्याची वेळ आली. मी पुरावा म्हणून चौकशीच्या टेबलावर गेले.

चौकशी अधिकारी मितभाषी गृहस्थ होते. उपअधीक्षक माझ्या सुस्थितीचे लांबलचक वर्णन करत असताना त्यांनी शेजारची किल्ली उचलली आणि माझ्यात घातली. ती अडकली. त्यांनी ती जोर लावून बाहेर काढली, तर तिच्या दात्यांना करड्या रंगाची साल चिकटलेली होती. मग त्यांनी एवढेच विचारले, की हा रंग कोणी लावला?

त्या क्षणी आरोपी बदलला. बाई निर्दोष सुटल्या, त्याच आठवड्यात कामावर रुजू झाल्या. म्हातारी आता खिडकीजवळच्या जागेवर झोपते आणि पंखा फिरतो. दारावर नवे कुलूप आहे. शेवटी मी मोडलेच ना! मी त्याच चौकशीच्या खोलीत कपाटात पडून आहे, आणि खरे सांगू, इतकी निवांत विश्रांती मला आजवर मिळाली नव्हती.

मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती आहे. जी वस्तू रोज तुमच्यासाठी राबते तिला तेल द्या, आणि जे माणूस रोज राबते त्याचे म्हणणे पहिल्याच वेळी ऐका. दोघांनाही वरून रंग फासू नका. माझे एवढ्याने पटत नसेल, तर उपअधीक्षकांनी चौकशीत स्वतः दिलेली कबुली ऐका. ती अशी:

"होय, कुलपाला रंग मीच लावायला सांगितला. भोकावर कागद तरी चिकटवा, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, वेळ नाही. साहेब, तपासणीला येणारे लोक कुलूप उघडून बघत नाहीत, नुसतं बघतात. आत माणसं आहेत, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातच आलं नाही."