शेवटचा शब्द गिटारचा

अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये मासळी तळणाऱ्या दुकानाबाहेर मिस आर्डेलिया गिटार वाजवायची, आणि लॉन्ड्रीत इस्त्री करणारी व्हर्लीन दर शनिवारी तिच्याकडे शिकायची. व्हर्लीनचा गळा असा की चालता माणूस थांबावा. खोड एकच: ओळ सुरू केली की स्वतःच संपवायची.

"खाल्लास पुन्हा शेवटचा शब्द!" म्हातारी खेकसायची. "तो गिटारचा घास आहे, पोरी. तू तोंड मीट, तारेला म्हणू दे. मग माणसं आपणहून म्हणतात."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर जा, इस्त्री कर."

आर्डेलियाच्या स्वतःच्या चर्चमध्ये मात्र तिची गिटार कधी शिरली नव्हती. गुत्त्यातलं वाद्य देवापुढे नको, हा चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन परविसचा हेका. यंदा नव्या पास्टरांनी एका गाण्याची परवानगी दिली, तर आर्डेलियाची बोटं आखडलेली.

"तू वाजव," ती व्हर्लीनला म्हणाली. "फसलीस तर तो परविस दार कायमचं लावील."

रविवारी परविसनं दोघींना मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं आत घेतलं. आर्डेलियानं वळून एकदा पुढच्या दाराकडे पाहिलं.

"थकले पाय, प्रभू, मला ने घरी." व्हर्लीननं गळा लावून ओळ पुरती गायली. सुरात काही खोट नव्हती, पण कुणी हूं की चूं केलं नाही. बाकांवरच्या लोकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलत राहिले. परविस गालात हसला. मागच्या बाकावर आर्डेलियानं मान खाली घातली, ते व्हर्लीनच्या काळजाला लागलं.

दुसऱ्या खेपेला तिनं "मला ने" म्हटलं आणि ओठ घट्ट मिटले. सूर ओढायला बोटात चढवलेली काचेची नळी तारेवरून सरकली, आणि तार बोलली.

"घरी!" तिसऱ्या बाकावरून एका आजीबाईनं साद दिली. पुढच्या खेपेला अर्धं चर्च म्हणालं, मग सगळंच उभं राहिलं. परविसचे ओठसुद्धा हलताना व्हर्लीननं पाहिले.

नंतर पायऱ्यांवर परविस टोपी चाचपत आर्डेलियाजवळ आला. "पुढच्या रविवारी येईल का ही?"

"येईल की. माझी शिष्या आहे ती!" आर्डेलिया ताठ मानेनं म्हणाली. "पण आता आमची गिटार आत येईल ती, डीकन, पुढच्या..."

ती थांबली. वाट बघत राहिली.

परविसनं घसा खाकरला. "दारानं," तो म्हणाला.