बदली नाव

सुकन्या मॅडमनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, तरी पडद्यावरचं रंगूबाई हे नाव काही पुसलं जाईना.

बारामतीतल्या त्या कॉम्प्युटर क्लासात म्हस्कू तात्या वयाने सगळ्यांत मोठे. कळंबला गावच्या दूध डेअरीत बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. अठ्ठ्याण्णव साली डेअरीत कॉम्प्युटर आला आणि चेअरमननी सांगून टाकलं, परीक्षा पास व्हा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो. तेव्हापासून तात्या रोज पहिल्या एसटीने येत. क्लास दहाचा, हे आठलाच पायरीवर हजर. पोरं हसायची. त्यांना काय माहीत? वर्षापूर्वी बायको रंगूबाई वारली, मूलबाळ नाही. घरापेक्षा ती पायरी बरी वाटायची.

आजचा धडा तसा साधा होता. फायलीतला एक शब्द शोधायचा, त्याच्या जागी दुसरा घालायचा. दुसरा दिलाच नाही, तर पहिला पुसून टाकायचा. पोरांनी क्रिकेटवाल्यांची नावं घेतली होती. तात्यांनी घेतली डेअरीच्या सभासदांची यादी, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा वारस. धोंडीबाची आई वारली होती, तिच्या जागी त्याची सून झटक्यात आली. मॅडम खूश झाल्या. तात्या स्वतःही सभासद. मग पुसण्याचं तपासायला म्हणून मॅडमनी सहज त्यांच्याच ओळीतलं वारसाचं नाव घेतलं, आणि घोडं अडलं.

त्यांनी प्रोग्रॅम उघडून वाचला. चूक नव्हतीच. तात्यांनी मुद्दाम लिहून ठेवलं होतं, बदली नाव नसेल तर जुनंच राहू दे.

"तात्या, असं नाही चालायचं. परीक्षेत मार्क कापतील."

"दुसरं नाव न्हाय मॅडम माझ्याकडं," तात्या म्हणाले. "म्हून तिचंबी पुसायचं व्हय?"

नोकरीचं तेवढं बघा, असं हळूच म्हणून मॅडम पोरांकडे वळल्या.

नोकरी गेली तर दिवसभर त्या घरात एकट्याने बसायचं, याची तात्यांना फार धास्ती होती. मग आपण लिहिलेल्या दोन ओळी त्यांनी काढल्या आणि धड्यात सांगितल्या तशा घातल्या. आता कुठलं तरी नाव देऊन बघायला हवं होतं.

कोणता शब्द शोधायचा, कॉम्प्युटरने विचारलं. तात्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत, स्वतःचं नाव टाइप केलं. त्याच्या जागी काय घालायचं? तिथे काहीच लिहिलं नाही. बटण दाबलं.

प्रोग्रॅम बरोबर चालला. त्या ओळीत आता एकटी रंगूबाई राहिली होती.