माघातली मोजणी

चर्चच्या भिंती अजून उभ्या राहिल्या नव्हत्या, सगळं कागदावरच होतं, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. नाहीतर माझ्या शहाणपणाची शिक्षा डोळखांबच्या माणसांनी दर रविवारी उन्हात उभं राहून भोगली असती.

मी रोशन लोपीस. मूळचा वसईचा. शहापूर तालुक्यात गणित शिकवायला आलो आणि इथंच निवृत्त झालो. आमची रविवारची मिस्सा शाळेच्या वसतिगृहातल्या जेवणाच्या हॉलमध्ये व्हायची, आणि पाड्यांवर फादर महिन्यातून एकदा जाऊन कुणाच्या तरी अंगणात करायचे. माणसं वाढली, तेव्हा डोळखांबच्या रस्त्यालगत सगळ्यांसाठी एक चर्च, दोन शिकवणीच्या खोल्या आणि संडास बांधायचं ठरलं. किती माणसांसाठी, हे मोजायचं काम फादर महेंद्रांनी माझ्या गळ्यात घातलं. ते दिवाळीनंतरच बदलून आलेले. गणिताचा मास्तर हाताशी असताना ते तरी दुसऱ्या कुणाला कशाला सांगतील!

माघात हवा बरी असते म्हणून मी स्कूटर काढली आणि नऊ पाडे पालथे घातले. निम्म्या घरांच्या दारांना आडवी काठी बांधलेली. 'घर बंद' असं लिहायचं आणि पुढे जायचं. एकूण एकशे चाळीस माणसं भरली. त्यावर आणखी वीस मी माझ्या मनानं धरली आणि स्वतःच्या दिलदारपणावर खूश झालो. बाकांचा हट्टही माझाच. आमच्या वसईकडे चर्च म्हटलं की पॉलिश केलेली बाकं आलीच.

नकाशाची फाइल सोमवारी बिशप हाऊसला जायची होती. आदल्या रविवारी कल्याणच्या इंजिनीअर भाग्यश्री जागेवर आल्या आणि त्यांनी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर चर्च आखून दाखवलं. दारं, वेदी, बाकांच्या रांगासुद्धा. शिमगा नुकताच झाला होता. मिस्सा तिथंच मोकळ्यावर ठेवली होती आणि जीपमागून जीप येत होती. माणसं उतरायची थांबेनात.

"आखलेल्या बाकांवर बसून बघा," भाग्यश्री म्हणाल्या. रेघा भरल्या. तितकीच माणसं बाहेर उरली. पोरं कडेवर घेतलेल्या बाया शेजारच्या वालाच्या शेतात उभ्या राहिल्या.

"ही सगळी कुठून आली?" मी विचारलं. खरंच विचारलं.

हिराबाई पुढे आली. पाड्यांवर प्रार्थना तीच घेते आणि भीडभाड कुणाची ठेवत नाही. "मास्तर, तुमी माघात मोजलात ना? माघात पाड्यावर कोन असतं? म्हातारी मानसं नि कोंबड्या. बाकी सगली वीटभट्टीवर. शिमग्याला घरी आली."

मला कानकोंडं झालं. तीस वर्षं मी दर माघात अर्ध्या वर्गाची गैरहजेरी मांडली होती. ही पोरं कुठं जातात, ते मला पाठ होतं. तरीही काठी लावलेलं दार बघून माणसं गावच सोडून गेली, असं मी समजलो. मला स्वतःची लाज वाटली.

"जागा एवढीच आहे," फादर हळूच म्हणाले. "मोठा नकाशा करायचा तर दुसरी जमीन बघावी लागेल. दोन-तीन वर्षं सहज जातील." मी मान खाली घातली.

भाग्यश्री मात्र रेघांकडेच बघत होत्या. "ही बाकं कुणी मागितली होती?"

"मी," मी म्हणालो.

"आमी कवा बाकावर बसलो?" हिराबाई म्हणाली. "पाय लोंबकलत ठेवून देवाचं नाव घ्याला जमत नाय आमाला." बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

भाग्यश्रींनी चपलेनं रांगांच्या रेघा पुसून टाकल्या. "आता बसा बघू, घरी बसता तसं." माणसं आत आली, मांडीला मांडी लावून बसली. शेत रिकामं झालं. मागे अजून दोन रांगांची जागा उरली. त्यांनी तिथल्या तिथं नकाशावर पेन्सिल चालवली: बाकांऐवजी सतरंज्या, म्हाताऱ्यांसाठी भिंतीलगत कट्टा, आणि सणासुदीला बाहेरच्या ओट्यावरही बसता यावं म्हणून बाजूच्या भिंतीला तीन रुंद दारं. मापं तीच, त्यामुळे फाइल उद्याच जाणार होती. फादरांनी मोठा श्वास सोडला. माझ्या छातीवरचा तर धोंडाच उतरला.

मी मात्र अजून बाहेरच उभा होतो. आत जायला पाऊल उचलेना.

हिराबाईनं मागे वळून बघितलं. "सरका गो जरा," ती शेजारणींना म्हणाली, "मास्तरांना जागा करा."

अख्खी रांग सरकली. मी चपला काढल्या आणि आत जाऊन त्यांच्यात बसलो.