सीलला लावलेलं ग्रीस

निपाणीजवळच्या एका गावात पाणीपुरवठ्याचा पंप परशराम बावीस वर्षं सांभाळत होता. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथलं पाणी अडवणारं सील दर दोन-तीन महिन्यांनी गळायचं. तो निपाणीतल्या जोतिबाआप्पांच्या पंपाच्या सामानाच्या दुकानातून नवं आणायचा, रबरावर बोटभर ग्रीस फासून बसवायचा. तरी गळायचं. शेवटी त्यानं पंचायतीत सांगितलं, "आप्पा डुप्लिकेट माल देतोय." पंचायतीनं दुकान सोडलं. पाठोपाठ डेअरीनं, मग मळेवाल्यांनी.

यंदा बेळगावहून मागवलेलं सीलही गळलं, तेव्हा तिथला फिटर युवराज आला. त्यानं पंप खोलला. रबर फुगून लिबलिबीत झालं होतं.

"अण्णा, काय लावलासा ह्याला?"

"ग्रीस. नेहमीच लावतोय."

"ह्या रबराला ग्रीस चालत न्हाय, फुगतंय. साबणाचं पाणी लावायचं. आन् ही बारकी नळी का बंद केलासा? हिच्यातनं सीलला पाणी मिळतंय. त्येच त्याचं वंगण."

नळीचा जोड ठिबकायचा म्हणून परशरामनंच कॉक आवळला होता.

दुसऱ्या दिवशी तो निपाणीला गेला. आप्पांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. परशराम मातीलाही गेला नव्हता. दुकानात त्यांची मुलगी रूपाली होती. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं.

"माल चांगला हुता, पोरी. चूक माझी."

"ग्रीस लावू नका म्हणून आप्पांनी तुमास्नी सांगितलं हुतं की," रूपाली म्हणाली.

सांगितलं होतं. दुकानदारानं मला शिकवायचं काय, म्हणून तो हसला होता.

"आप्पा शेवटपत्तोर सीलचं डबं उघडून बघायचं," ती म्हणाली, "खरंच डुप्लिकेट आलंय काय म्हणून."



ग्रामसभेत त्यानं उठून आपली चूक सांगितली. "जाऊ दे की अण्णा, झालं ते झालं," कुणीतरी म्हणालं. त्यानं जाऊ दिलं नाही. पंचायतीच्या पीडीओ साहेबांकडून ते ठरावात लिहून घेतलं आणि नक्कल रूपालीला नेऊन दिली.

तिनं ती दोनदा वाचली. "डेअरीला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"मळेवाल्यास्नी?"

"त्यास्नी बी."

त्याच दुपारी परशराम डेअरीच्या साहेबासमोर उभा राहिला. तिथून निघाला तेव्हा अकरा मळे बाकी होते.